कूलरसमोरच्या अकरा स्टिक

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात दोन टेबलांचं पूल पार्लर आहे. पूल म्हणजे टेबलावरचे बॉल लांब काठीने, म्हणजे स्टिकने, मारून भोकांत घालायचा खेळ. एप्रिल ते जून या काळात तिथल्या स्टिकच्या टिपांनी मालकापासून खेळणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांना जेरीस आणलं. त्यात जे निर्णय चुकले त्यांतला सगळ्यात महागडा माझा होता, म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून लिहून काढतो आहे. मालकाने लिहायला हो म्हटलं. गावाचं आणि माणसांची नावं नकोत, एवढीच त्याची अट.

मी तालुक्याच्या ठिकाणी सुतारकाम करतो. दारं, चौकटी, देव्हारे हा धंदा. स्टिकला टिप बसवणं मी खेळाच्या आवडीपायी शिकलो आणि आजूबाजूच्या चार-पाच पार्लरचं हे काम माझ्याकडे येतं.

पार्श्वभूमी

गाळा डांबरी रस्त्याला लागून आहे. शेजारी कृषी केंद्र, मागे शेत, डोक्यावर टिनाचे पत्रे. मालक एकोणतीस वर्षांचा, घरची सहा एकर कपाशी आणि तूर. नागपूरला बंद होत असलेल्या एका पार्लरमधून त्याने दोन जुनी टेबलं आणि अकरा स्टिक उचलल्या आणि दसऱ्याला दुकान उघडलं. शेतातून परतलेली, कॉलेजातली, ट्रॅक्टरवर असलेली अशी पंधरा-वीस पोरं नेमाने येऊ लागली. स्टिकवर ऑइलपेंटने १ ते ११ आकडे टाकलेले होते. हे आकडे पुढे फार उपयोगी पडले.

मालकाच्या वडिलांना हा शहरातला रिकामटेकडा खेळ वाटायचा. मला त्याचं वाईट वाटतं. पूलचा भाऊबंद असलेलं स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झालं, आणि नागपूरला पुण्यापेक्षा जबलपूर कितीतरी जवळ आहे. या घराण्यातला खेळ आपल्या भागाला परका नाही.

ज्यांनी स्टिक हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टिकच्या बारीक टोकाला एक पांढरी टोपी असते, ती फेरूल. तिच्यावर चिकटवलेली चामड्याची चकती म्हणजे टिप. पूलच्या स्टिकवर ती सुमारे १३ मिमी व्यासाची असते, स्नूकरच्या स्टिकवर ९ ते १० मिमी. टिप आणि पांढरा बॉल यांची गाठ सेकंदाच्या साधारण हजाराव्या हिश्शापुरती पडते. तेवढ्या वेळात चामडं किंचित दबतं, त्याच्यावर घासलेली पूड, म्हणजे चॉक, बॉलला पकडते आणि सोडते. पकड निसटली की मिस-क्यू. कोरडा 'टक्' आवाज येतो आणि बॉल भलत्याच दिशेला जातो.

जुन्या काळी काठीचं टोक नुसत्या लाकडाचं असायचं. त्यावर चामडं बसवण्याचं श्रेय फ्रान्सचे कॅप्टन फ्रांस्वा मिंगो यांना देतात, १८०७ च्या सुमाराला. बॉलला मधोमध न मारता कडेकडे मारून भरवशाने फिरवता येऊ लागलं ते त्यानंतर. चॉकही नावाचाच चॉक. शाळेतल्या खडूशी त्याचा संबंध नाही. १८९७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पिंक्स हे खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हे रसायनतज्ज्ञ यांनी ज्या चॉकचं पेटंट घेतलं, त्यात सिलिका आणि घासणारी खरखरीत पूड होती. चामड्याला खरबरीत ठेवणं हेच त्याचं काम.

अडचण

हिवाळाभर सगळं ठीक चाललं. मार्चअखेरीला ऊन तापलं आणि मालकाने खिडकीत मोठा लोखंडी कूलर बसवला. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत टिनाखाली कूलरशिवाय बसणं शक्यच नाही. पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मिस-क्यू वाढले. आधी कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग टिपा निघून पडू लागल्या. काही टिपा आळंबीसारख्या फुगून फेरूलच्या बाहेर लोंबल्या, काही काचेसारख्या गुळगुळीत झाल्या. ४ नंबरच्या स्टिकची टिप हरवली तर पोरं उघड्या फेरूलनेच खेळत राहिली आणि फेरूलची कड उडाली.

पहिला निर्णय इथे झाला. मालकाने ठरवलं की दोष खेळणाऱ्यांचा. मला फोनवर म्हणाला, "काका, पोट्टे लय जोरानं मारतेत, म्हून टिपा उडून रायल्या." भिंतीवर पाटी लागली: मिस-क्यू झाला तर दहा रुपये.

त्याची बाजू समजण्यासारखी होती. टेबलाचं लोकरी कापड महाग, आणि मिस-क्यू होताना स्टिकचं टोक कापडात घुसण्याची भीती असतेच. पण पाटीचा परिणाम उलटा झाला. टिप हलते आहे, हे पोरं सांगेनाशी झाली. बाजारातलं झटपट चिकटणारं गोंद खिशात ठेवून ती आपापली टिप चिकटवू लागली, जुन्या गोंदाच्या थरावरच नवा थर देऊन. एकाने चॉक संपला म्हणून शाळेतला खडू लावला. नंतर एका पोराला विचारलं तर तो म्हणाला, "सांगतलं असतं त दहा रुपये लागले असते ना काका." पाटीमुळे मिस-क्यू कमी झाले नाहीत, आमच्यापर्यंत बातमी येणं मात्र थांबलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, रात्री नऊच्या सुमारास, ७ नंबरच्या स्टिकने खेळताना मिस-क्यू झाला आणि दुसऱ्या टेबलाचं कापड तीन बोटं फाटलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

माझी चूक

मी गेलो, स्टिक पाहिल्या, आणि मला जे दिसायची सवय होती तेच दिसलं. टिपा मऊ आहेत, फुगल्या आहेत, म्हणजे जास्त कडक टिपा पाहिजेत. मी अकराही टिपा काढल्या आणि माझ्याकडच्या डब्यातल्या कडक टिपा एका दुपारी बसवून मोकळा झालो. संध्याकाळी लग्नाच्या दोन पलंगांचं काम वाट पाहत होतं, त्यामुळे हातही घाईत होता.

नऊ दिवसांत मालकाचा परत फोन. तीन टिपा निघाल्या होत्या, बाकीच्यांची चकाकी आधीपेक्षाही वाढली होती आणि पोरं म्हणत होती की चॉक टिकतच नाही.

आता पाहिलं तर त्या दुपारच्या माझ्या तीन चुका मला स्पष्ट दिसतात. पातळ गोंद वापरलं. ते चामड्यात झिरपून त्याचा तळ दगडासारखा करतं. घट्ट, जेलसारखं गोंद पाहिजे होतं. दुसरं म्हणजे हे गोंद हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, आणि मेच्या दुपारी कूलर बंद असताना त्या हवेत ओलावा नावालाही नव्हता. गोंद पूर्ण पकडायच्या आधीच मी टिपा घासायला घेतल्या. पण सगळ्यात मोठी चूक तिसरी. या स्टिक दिवसरात्र कुठे उभ्या असतात, हे मी विचारलंच नाही. सुतार असून लाकूड आणि चामडं कुठल्या हवेत राहतं हे मी विचारलं नाही, याची खंत आजही वाटते.

समोर असलेले पर्याय

तोवर मेचा तिसरा आठवडा उजाडला होता आणि मालकाने आजूबाजूच्या आठ गावांची स्पर्धा जाहीर केलेली. तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली, मृग लागायच्या आत. एकदा पेरणी सुरू झाली की टेबलाजवळ माणूस फिरकत नाही. म्हणजे हातात बारा-तेरा दिवस होते.

आम्ही तिघं बसलो: मालक, नेहमी खेळणारा एक जाणता मुलगा आणि मी.

मालकाला नव्या स्टिक घ्यायच्या होत्या. चार चांगल्या स्टिक नागपूरहून आणायच्या आणि जुन्या बाजूला टाकायच्या. पण पैसे होते ते सरकीच्या बियाण्याच्या पाकिटांचे आणि खताचे. ते या कामात गेले असते तर मृगात उधारी करावी लागली असती. शिवाय मला भीती होती ती अशी की नव्या स्टिकच्या टिपाही त्याच वाटेने जातील. कारण काय, ते तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलाने कुठेतरी ऐकलं होतं की मऊ टिपा दुधात भिजवून, दाबून, वाळवल्या की पक्क्या होतात. ही लोकांनी वापरलेली खरी रीत आहे. एल्क मास्टरसारख्या निळसर, दाबलेल्या चामड्याच्या मऊ टिपांना ती करतात. दुधातलं प्रथिन वाळून चामड्याला घट्टपणा देतं. दूध घरचं होतं, पण त्याला वाळायला वेळ लागतो आणि प्रत्येक टिप सारखी उतरेल याची खात्री नाही. स्पर्धेच्या तोंडावर असा प्रयोग नको, असं मी म्हटलं.

चामड्याऐवजी फेनॉलिक, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या कडक पदार्थाची टिप हाही एक मार्ग होता. ब्रेक, म्हणजे डाव फोडायचा पहिला जोरदार फटका, मारायच्या स्टिकला ती चालते. साध्या खेळाला नाही, कारण चॉक धरून ठेवण्यात चामड्याची बरोबरी तिला येत नाही. हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवला आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

चौथा पर्याय माझा होता: गावातल्या चर्मकाराकडून तळव्याचं जाड चामडं घेऊन टिपा घरीच कापायच्या. अर्धा आशेने, अर्धा हताश होऊन मी त्यांच्याकडे गेलो, आणि प्रकरणाची गाठ तिथे सुटली.

चर्मकाराच्या ओट्यावर

त्यांचं वय साठीच्या पुढचं. मी त्यांच्या हातात एक फुगलेली टिप आणि एक चकाकणारी टिप दिली. त्यांनी फुगलेली टिप नखाने दाबली, वास घेतला, रापीच्या टोकाने आडवी चिरली. थर सुटे झालेले दिसले. मग विचारलं, "हे कुठी ठेवता?"

मी म्हटलं, स्टिकला लावलेली असते, स्टिक स्टँडवर.

"स्टँड कुठी हाय?"

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते पार्लर आलं. स्टँड खिडकीच्या बरोबर समोर, कूलरच्या झोताच्या तोंडाशी. सहा-सात हातांवर. पोरं गारव्यासाठी तिथेच उभी राहतात, म्हणून मालकाने एप्रिलमध्ये स्टँड तिकडे हलवला होता.

ते म्हणाले, "चामडं हाय हे. पानी पेलं का फुगते, उन्हात ठेवलं का कडक होते. जोड्याचं तेच, याचं तेच."

रात्री कूलर चालू असताना ओलसर हवा थेट टिपांवर. चामडं ओल धरून सैल होतं आणि त्याच अवस्थेत त्याच्यावर शेकडो ठोके बसतात, मग ते बाजूला पसरतं. सकाळी दुकान बंद, कूलर बंद, टिनाखाली भट्टी. तेच पसरलेलं चामडं वाळून कडक होतं आणि वरचा थर चकाकतो. रात्री पुन्हा ओल. फुगणं आणि चकाकणं हे दोन वेगळे आजार म्हणून मी पाहत होतो. दोन्ही एकाच चक्राची टोकं होती. गोंदाचा सांधाही रोज फुगण्या-आकसण्यात ताणला जात होता. कडक टिप लावून मी हे चक्र थांबवलं नव्हतं, फक्त चामडं बदललं होतं.

चामडं त्यांनी दिलं नाही. म्हणाले, माझं तळव्याचं चामडं बुटाला ठीक, पण याच्या जाडीत सारखेपणा येणार नाही. पैसेही घेतले नाहीत. त्यांच्या या प्रामाणिक नकारामुळे आमचे दोन दिवस वाचले.

काय केलं

आधी खात्री करून घ्यायची असं मी ठरवलं. एकदा घाईने निदान करून तोंडघशी पडलो होतो. नागपूरहून येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून मध्यम कडकपणाच्या टिपांचा एक डबा मागवला. चार स्टिकवर एकाच डब्यातल्या टिपा, त्याच गोंदाने, एकाच पद्धतीने बसवल्या. दोन स्टिक जुन्या जागी, दोन आतल्या भिंतीला, कूलरच्या झोताबाहेर. पाच रात्री या चारच स्टिकने खेळायचं. सहाव्या सकाळी बोट फिरवलं तरी कळत होतं: कूलरसमोरच्या दोन्ही टिपा फेरूलच्या बाहेर आल्या होत्या, आतल्या भिंतीच्या दोन्ही सरळ होत्या.

त्याच दिवशी स्टँड हलला. दहा रुपयांची पाटीही उतरली. पाटी काढायला मालक दोन दिवस कां-कूं करत होता. मी त्याला एवढंच सांगितलं की टिप हलते हे सांगणाऱ्या पोराला दंड नको, चहा दे.

सगळ्या अकरा स्टिक चांगल्या करण्याइतका वेळ नव्हता. इथे आम्ही सहा निवडल्या आणि पाच बाजूला बांधून ठेवल्या. दोन टेबलांना चार लागतात, दोन राखीव. मालकाला हे खटकलं, कारण स्पर्धेच्या दिवशी भरलेला स्टँड शोभून दिसतो. पण बिघडलेली स्टिक स्टँडवर असली की कुणीतरी ती उचलतोच.

सहा टिपा मी अशा बसवल्या. जुनी टिप ब्लेडने काढून फेरूलचं तोंड शंभर नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केलं आणि छोट्या गुण्याने काटकोन पाहिला. पोरांनी चिकटवलेल्या गोंदाचे थर काढायलाच अर्धा दिवस गेला. टिपेचा तळही घासून सपाट केला. बसवण्याआधी प्रत्येक टिप शिकंजात दोन सपाट लाकडी गुटक्यांमध्ये रात्रभर दाबून ठेवली, म्हणजे पुढे फुगायचं ते आधीच बरंचसं बसून जातं. फेरूलला चिकटपट्टी गुंडाळली, कारण घासताना फेरूल बारीक झालं तर ते परत जाड होत नाही. पोरांनी २ नंबरच्या स्टिकचं तेच केलं होतं. जेलसारखं गोंद, नीट दाब, आणि रात्रभर हात लावायचा नाही.

सकाळी स्टिक उलटी धरून टिप पाटावर टेकवली आणि बाहेर आलेली कड ब्लेडने फेरूलबरोबर छाटली. मग वरचा घुमट. घुमटाच्या मापाला मी एक रुपयाचं नाणं वापरतो, २०११ च्या मालिकेतलं, सुमारे २२ मिमी व्यासाचं. नाणं टिपेला आडवं लावून उजेडाकडे धरायचं. फट दिसली नाही तर गोलाई बरोबर. पूलच्या १३ मिमी टिपेला हे माप चांगलं बसतं. शेवटी कड किंचित ओली करून चामड्याच्या तुकड्याने जोरात घासली. त्याने कडेचे तंतू दबून गुळगुळीत, घट्ट होतात आणि बाहेर पसरायला कमी वाव मिळतो.

आता खेळणाऱ्यांचा भाग. खरोखर टिपेचा दोष आणि मारणाऱ्याचा दोष यातला फरक पोरांना स्वतः ओळखता यावा, अशी माझी इच्छा होती. त्यासाठी पट्ट्याचा एक बॉल पांढऱ्याच्या जागी ठेवला, पट्टा आडवा. टिपेला चॉक लावून मध्याच्या वर किंवा खाली मारायचं (बाजूला मारायचं तर पट्टा उभा) आणि बॉलवर उमटलेला चॉकचा ठिपका पाहायचा. बॉलचा व्यास ५७ मिमीच्या आसपास. मध्यापासून साधारण १४ मिमीपर्यंत, म्हणजे त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत, चांगली टिप पकड धरते. त्यापलीकडे कितीही उत्तम टिप असली तरी निसटते. पट्ट्याची कड जवळपास तिथेच येते. ठिपका पट्ट्याच्या आत असून मिस-क्यू झाला तर टिप तपासा, बाहेर असेल तर हात तपासा. हा खेळ पोरांनी इतका मनावर घेतला की एका संध्याकाळी खरा डाव कुणी लावलाच नाही.

त्यातून एक नवीच गोष्ट समोर आली. आतल्या भिंतीच्या, निरोगी टिपेच्या स्टिकनेही एका मुलाचा ठिपका पट्ट्याच्या आत असताना निसटत होतं. त्याच्या हातावर टाल्कम पावडरचा थर असायचा, घामावर उपाय म्हणून, आणि तो त्याच बोटांनी टिपेवरचा जास्तीचा चॉक पुसायचा. पावडर म्हणजे घसरण. मालकाने पावडरचा डबा काढून ओला आणि कोरडा असे दोन पंचे टांगले. हात धुवायला बाहेर माठाशेजारी बादली ठेवली.

शेवटचं काम म्हणजे वही. सोप्या तीनच गोष्टी, दुकान उघडताना त्या जाणत्या मुलाने बघायच्या. टिप नखाने वाजवून पाहायची. आवाज बद्द आला तर ती सुटते आहे. उजेडाकडे धरून चॉक सगळीकडे बसला का बघायचं. चकाकणारा डाग दिसला तर बारीक पॉलिश पेपरने दोन-तीन हलके हात, त्यापेक्षा जास्त नाही, कारण रोज घासल्याने टिप फुकट झिजते. आणि कडेची जाडी पाहायची. नाण्याच्या जाडीइतकी उरली की टिप बदलायची. प्रत्येक स्टिकच्या आकड्यासमोर खूण. चॉक प्रत्येक फटक्याआधी, भोक पाडल्यासारखा फिरवून नाही, रंगाचा ब्रश मारल्यासारखा.

निष्पत्ती

स्पर्धा दोन दिवस चालली. दुसऱ्या दिवशी दुपारी चार तास वीज नव्हती. कूलर बंद, टिनाखाली बसवेना, सगळे कडुनिंबाखाली जाऊन बसले. पूर्वी याच वेळेला टिपा भाजायच्या. या वेळी मालकाने आपणहून सहाही स्टिक शेजारच्या कृषी केंद्राच्या सिमेंटच्या छताखाली नेऊन ठेवल्या. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

दोन दिवसांत एकही टिप निघाली नाही आणि कापडाला धक्का लागला नाही. मिस-क्यू झाले. शेवटच्या सामन्यातच एक झाला, आणि त्यावर वाद होणार असं दिसताच मारणाऱ्या मुलाने स्वतः पांढरा बॉल उचलून ठिपका दाखवला. पार कडेला होता. तो म्हणाला, "माहाच हात गेला," आणि बसला. हरला तो.

सगळं सुटलं असं मात्र नाही. जूनच्या मध्यात पाऊस लागला आणि आतल्या भिंतीला ओल आली. ज्या जागेने टिपा वाचवल्या होत्या तीच जागा पावसाळ्यात वाईट ठरली. स्टँड भिंतीपासून हातभर पुढे, टेबलांच्या मधल्या जागेत आणावा लागला. त्यामुळे एका बाजूने मारताना कोपर अडतं, आणि पोरं त्याची तक्रार करतात. तक्रार खरी आहे. आणखी चांगली जागा त्या गाळ्यात नाही.

बाजूला ठेवलेल्या पाचांपैकी तीन स्टिक जुलैत मी दुरुस्त केल्या. २ नंबरचं फेरूल बारीक झालेलं असल्याने तिला १३ मिमीची टिप बसत नाही. ती लहान मुलांना शिकवायला ठेवली आहे.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत मी एकही टिप काढणार नाही. एक संध्याकाळ नुसता बसून पाहीन: स्टिक कुठे उभी राहते, कोण कशी उचलतो, हात कशाने पुसतो, दुकान बंद झाल्यावर आत किती तापतं. हे पाहायला पैसे लागत नाहीत, आणि माझी अकरा टिपांची एक पूर्ण दुपार वाचली असती.

मालकाशी बोलताना दंडाच्या पाटीबद्दल मी पहिल्याच फोनवर स्पष्ट बोलायला हवं होतं. ती पाटी मला तेव्हाही पटली नव्हती. गिऱ्हाईकाच्या दुकानात आपण कशाला बोला, असं वाटून गप्प बसलो. त्या तीन-चार आठवड्यांत पोरं खरं सांगत असती तर कूलर आला आणि टिपा बिघडू लागल्या हा मेळ एखाद्याने नक्कीच लावला असता.

चार स्टिकची चाचणी पाच दिवसांची ठेवली ती मात्र योग्यच होती, असं माझं मत आहे. मालकाला ते दिवस वाया गेल्यासारखे वाटत होते. स्पर्धा डोक्यावर असताना पाच दिवस म्हणजे थोडे नाहीत, आणि माझा अंदाज चुकला असता तर हातात काहीच राहिलं नसतं. तसं झालं असतं तरी सहा स्टिकवर नव्या टिपा बसवायला दोन दिवस पुरेसे होते, हा हिशेब मी आधी करून ठेवला होता. एक बदल करीन. चाचणीत तिसरी जागाही घेईन, गाळ्याबाहेरची, म्हणजे पावसाळ्याची अडचण कदाचित तेव्हाच लक्षात आली असती.

७ नंबरची स्टिक, जिने कापड फाडलं होतं, तिच्या फेरूलला आता केसाएवढी चीर दिसते. टिप चांगली आहे, पकड चांगली आहे, आणि गावातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूची ती आवडती आहे. फेरूल बदलायचं तर स्टिक नागपूरला लेथवर न्यावी लागेल. मुलाने वहीत तिच्यासमोर लिहिलंय: चीर, ब्रेक मारू नये. पोळ्यापर्यंत चीर वाढते का ते पाहायचं आणि मग ठरवायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं आहे.